बॉयलरमध्ये ४-५ मिमी क्षार बसलाय, ॲसिड मारू की ट्यूबा बदलू? (सोलापूर, १ टनी, लाकडावरचा)

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला आमचं छोटं डाइंग युनिट आहे, सूत आणि टॉवेल दोन्ही रंगवतो. बॉयलर १ टनी (म्हणजे तासाला एक टन वाफ), थ्री पास स्मोक ट्यूब, लाकूड आणि ब्रिकेटवर चालतो, वर्किंग प्रेशर ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). वडील आजारी पडल्यापासून तीन वर्षं सगळं कामगारांच्या भरवशावर चाललं आणि शेवटचे आठ महिने बॉयलर बंदच, तोही पाण्यासकट तसाच सोडलेला. आता मी युनिट हातात घेतलंय, सर्टिफिकेटची मुदत संपलीय, म्हणून इन्स्पेक्शनच्या आधी परवा मॅनहोल उघडला आणि आत बॅटरी मारली तर मला ट्यूबा दिसल्याच नाहीत, नुसते पांढरट-राखाडी खांब. खालच्या ओळीत दोन ट्यूबांच्या मधली फटसुद्धा भरून गेलीय, मागच्या ट्यूब प्लेटजवळ (ज्या जाड पत्र्यात ट्यूबांची तोंडं बसवलेली असतात) तर हात जात नाही. मडहोल (तळाचं गाळ काढायचं भोक) उघडला तर आधी काही आलंच नाही, सळई घातल्यावर घट्ट चिखल आणि खपल्या पडायला लागल्या. एक खपली व्हर्नियरने मोजली, ४.३ मिमी.

बंद पडायच्या आधी चिमणीचं टेंपरेचर ३०० च्या आसपास असायचं म्हणे, लॉगबुकात तशी नोंद आहे, पण कुणी लक्ष दिलं नाही. पाणी बोअरचं, हार्डनेस ६२० पीपीएम. सॉफ्टनर आहे पण त्याचं रेझिन (पाण्यातला क्षार पकडणारे दाणे, मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात) शेवटचं कधी धुतलं कुणालाच आठवत नाही.

एक जण येऊन गेला, म्हणाला ५० किलोचे चार कॅन ॲसिड ओततो, रात्रभर ठेवतो, सकाळी सोडून देतो, पंधरा हजार द्या. दुसरा म्हणतो सगळ्या ट्यूबा बदला, तो आकडा ऐकून घरी झोप लागली नाही. वडिलांनी हा बॉयलर कर्ज काढून घेतला होता, मला तो नीट करायचाय. काय करू?

भट्टीकाका
सगळ्यात आधी, त्या ॲसिडवाल्याला थांबव. मी ३४ वर्षं फर्स्ट क्लास अटेंडंट म्हणून काम केलंय, इचलकरंजीला सायझिंगमध्ये आणि नंतर प्रोसेसला. असं रात्रभर ॲसिड ठेवून सकाळी उघडलेले बॉयलर मी पाहिलेत. क्षार वरवरचा गेलेला असतो, आणि जिथे क्षार पातळ होता तिथे ट्यूब खाल्लेली असते. इन्हिबिटर (ॲसिडने लोखंड खाऊ नये म्हणून घालायचं रसायन) घालणार का हे त्याला विचारलंस का? त्याला तो शब्द माहीत नसेल तर त्याला गेटच्या आत घेऊ नकोस.

आणि आत उतरायचं असेल तर एकट्याने नाही. स्टीम, फीड (आत येणारं पाणी) आणि ब्लोडाऊनच्या (तळाचं गाळाचं पाणी सोडायच्या) लाइनी डोळ्यादेखत ब्लँक करून, म्हणजे प्लेट लावून बंद करून, आत ब्लोअरने हवा खेळवून, ऑक्सिजन मोजून, २४ व्होल्टचा हँडलॅम्प घेऊनच, आणि मॅनहोलवर एक माणूस सतत बसलेला पाहिजे. आठ महिने पाण्यात गंजत पडलेल्या बंद भांड्यात ऑक्सिजन कमी झालेला असू शकतो, हे पोरांना नीट समजावून सांग.

उसाचा_फड
आमच्या साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या ट्यूबा दर काही दिवसांनी कॉस्टिकने उकळून ब्रश मारून साफ करतात. तुम्ही पण मोटरवर फिरणारा ट्यूब क्लीनर मागवा ना, कॅमिकलच्या भानगडीतच पडू नका.

भट्टीकाका
दादा, तुमच्याकडे रस ट्यूबच्या आत असतो म्हणून ब्रश चालतो. वॉटर ट्यूब बॉयलरला पण चालतो. याचा स्मोक ट्यूब आहे, धूर आतून आणि पाणी बाहेरून. ब्रश मारला तर काजळी निघेल, दगड ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला आहे, तिथे ब्रश पोचतच नाही. मॅनहोलमधून वरच्या दोन ओळींपर्यंत हात जाईल, बाकी सगळं आतल्या जंगलात.

उसाचा_फड
बरोबर काका, माझ्या लक्षात आलं नाही. आमच्याकडच्या इव्हॅपोरेटरवरून बोललो.

पाण्याची_ताई
मी पुण्यात वॉटर ट्रीटमेंटमध्ये आहे, बावीस वर्षं हेच काम. जरा हिशोब मांडते, म्हणजे चार कॅनचं काय ते तुम्हालाच दिसेल.

१ टनी बॉयलरचा हीटिंग सरफेस साधारण ३० चौरस मीटर धरा. त्यावर सरासरी ४ मिमी थर म्हणजे १२० लिटर दगड. वजनात २८० किलोच्या आसपास. तुमच्या बॉयलरच्या पोटात एवढं ओझं आहे असं समजा. आता हा सगळा कॅल्शियम कार्बोनेट आहे असं क्षणभर धरलं तरी १ किलो कार्बोनेट विरघळवायला शुद्ध हायड्रोक्लोरिक ०.७३ किलो लागतं. बाजारातलं ॲसिड ३० टक्के, म्हणजे चार कॅनमध्ये शुद्ध ६० किलो. त्यात जास्तीत जास्त ८२ किलो क्षार जाईल. उरलेले २०० किलो तिथेच, वर ॲसिडने सैल झालेल्या खपल्या खाली पडून फर्नेसच्या पाठीवर आणि ब्लोडाऊनच्या तोंडावर साचणार. ते न काढता भट्टी पेटवली तर जिथे साचलंय तिथलं पोलाद पाण्यापासून तुटतं, लाल होतं आणि फुगतं. क्षार साफ करायला जाऊन फर्नेस गमावायची वेळ अशीच येते.

दुसरं गॅसचं. १ किलो कार्बोनेट विरघळलं की सव्वादोनशे लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. शंभर किलोला बावीस हजार लिटर. व्हेंट मोठा आणि उघडा नसेल तर फेस वर चढून ॲसिड बाहेर उडतं. शिवाय उघड्या लोखंडावर ॲसिड लागलं की हायड्रोजन सुटतो, त्यामुळे जवळ बिडी, वेल्डिंग काही नको.

पण हे सगळं नंतर. आधी तो दगड कुठला आहे ते बघा. खपली तोडताना ट्यूबकडची बाजू कुठली आणि पाण्याकडची कुठली हे पेनने खूण करून ठेवा. एका काचेच्या बरणीत पातळ ॲसिड घ्या (नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, चष्मा आणि हातमोजे घालून) आणि खपली वजन करून टाका. काय होतं ते इथे लिहा.

लाल_माती
वाखू (वाचनखूण) साठवली. आमचं वेंगुर्ल्याकडे काजूचं युनिट, बी वाफवायला छोटा बॉयलर. आमच्या विहिरीच्या पाण्याला हार्डनेस जवळजवळ नाहीच त्यामुळे हा प्रकार कधी बघितला नव्हता. फोटो टाका की.

टॉवेलवाला_सोलापूर
ताई, केलं. २० ग्रॅमची खपली टाकली. पाण्याकडची बाजू पहिल्या मिनिटालाच सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली, पाणी दुधाळ झालं, दहा मिनिटांत तो थर गेला. पण ट्यूबकडची बाजू, जी काळपट आणि चकचकीत होती, ती तशीच राहिली. दोन तास ठेवली, बरणी गरम पाण्यात ठेवली, बुडबुडे पूर्ण थांबले तरी ती शिल्लक. बाहेर काढून वाळवली, ७ ग्रॅम भरली. नखाने खरवडत नाही, खिळ्याने जेमतेम ओरखडा. दोन थर एकमेकांना चिकटलेले असावेत, भाकरीचा पापुद्रा आणि खालची बाजू असते ना तसं दिसत होतं.

पाण्याची_ताई
छान निरीक्षण केलंत, आणि आता तुमचा निम्मा प्रश्न सुटला. बाहेरचा फसफसणारा थर कार्बोनेट. आतला जो राहिला तो बहुतेक कॅल्शियम सल्फेट आणि सिलिकेट. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, सल्फेटचं उलटं असतं, पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं, म्हणून ते सगळ्यात तापलेल्या जागी म्हणजे ट्यूबच्या अंगालाच चिकटून बसतं. हायड्रोक्लोरिकने ते हलत नाही. तुमचा माणूस चारऐवजी वीस कॅन घेऊन आला असता तरी हा थर राहिलाच असता, आणि तोच तर उष्णता अडवतो. पोलाद उष्णता जितकी वाहून नेतं त्याच्या वीस-तीस पट कमी हा दगड नेतो, सिलिकेटवाला तर त्याहूनही कमी.

उपाय म्हणजे आधी सोड्याची उकळी. सोडा ॲश, थोडा कॉस्टिक आणि ट्रायसोडियम फॉस्फेट घालून पाणी दोन-तीन दिवस उकळत ठेवायचं. सोडा ॲशमुळे सल्फेटचं हळूहळू कार्बोनेट होतं, ते मग ॲसिडला ऐकतं. कॉस्टिकने सिलिकेट सैल पडतं. सगळं बदलत नाही, पण थर फुटतो आणि लोखंडापासून सुटतो.

भट्टीकाका
उकळी काढताना प्रेशर चढवायचं नाही. एक तर सर्टिफिकेट नाही, त्यामुळे प्रेशरखाली चालवणं कायद्यानेच चालत नाही, आणि एवढा क्षार अंगावर असताना जोराची आग देणं म्हणजे ट्यूब भाजणं. एअर व्हेंट पूर्ण उघडा, चार-चार लाकडं, पाणी नुसतं खदखदत राहील एवढंच. लेव्हल ग्लासवर नजर ठेव, मोब्रेवर (पाण्याची लेव्हल सांभाळणाऱ्या फ्लोट स्विचवर) विसंबू नकोस, त्याच्या फ्लोटमध्ये पण चिखल असणार. पाळीपाळीने माणूस बसव. दर चार तासांनी थोडा ब्लोडाऊन दे, म्हणजे सुटलेला गाळ खाली घट्ट होणार नाही.

आणि उकळीच्या आधी मडहोल आणि हँडहोलमधून जेवढं हाताने निघेल तेवढं काढ. आमच्याकडे चपट्या पट्टीला टोकाला वाकवून आकडी करायचे, ट्यूबांच्या मधून घालून ओढायची. कंटाळवाणं काम आहे, पण हाताने काढलेला प्रत्येक किलो म्हणजे अडीच किलो ॲसिड वाचलं. हातोडी-टाकी मात्र ट्यूबवर चालवू नकोस.

गेज_ग्लास
इन्स्पेक्शनबद्दल दोन शब्द. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा कायदा आलाय, पण तुमच्यासाठी मूळ गोष्ट तीच आहे, सर्टिफिकेट संपलं असेल तर बॉयलर वापरायचा नाही. क्लीनिंग करा, पण ट्यूब बदलायची वेळ आली तर आधी बाष्पके संचालनालयाची परवानगी आणि काम मान्यताप्राप्त रिपेअररकडूनच. लपवून ट्यूब बदलू नका, हायड्रोला (पाणी भरून दाब देऊन करतात त्या चाचणीला) उभं राहिल्यावर सगळं दिसतं. आत्ताच अर्ज टाकून ठेवा म्हणजे तारीख मिळेपर्यंत तुमचं काम होईल.

शिवाय क्लीनिंगच्या आधी आणि नंतर ट्यूबांची आणि फर्नेसची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्या. ॲसिडने किती खाल्लं आणि आधीच किती गेलं होतं, हा वाद मग राहत नाही.

टॉवेलवाला_सोलापूर
अपडेट. बारा दिवस लागले म्हणून लिहायला उशीर.

हाताने पहिल्या दोन दिवसांत ६० किलो निघालं. काकांनी सांगितलेली आकडी बनवली, मी स्वतः मडहोलपाशी पोत्यावर झोपून ओढत होतो. सुरुवातीला नुसता चिखल, मग मध्येच एक मोठी खपली अडकायची, आकडी फिरवून तिला उभी करायची आणि मग ती खरखरत बाहेर यायची, तिच्या आतल्या बाजूला ट्यूबची गोलाई जशीच्या तशी उमटलेली, कौलाच्या तुकड्यासारखी. त्यातली एक मी वडिलांना नेऊन दाखवली. त्यांनी बराच वेळ हातात धरली आणि एवढंच विचारलं, मीठ घालत नव्हते का रे?

मग साठ तास सोड्याची उकळी. गार करून उघडलं तर आत वेगळंच दृश्य, ट्यूबांवरचे थर उभे चिरलेले आणि बऱ्याच ठिकाणी सुटून लोंबत होते. पाण्याचा जेट मारून, आकडी मारून आणखी ९० किलो निघालं. म्हणजे ॲसिडचा थेंब न टाकता १५० किलो. उरलेल्याची खपली पुन्हा बरणीत टाकली, या वेळी जवळजवळ सगळी विरघळली, २० ग्रॅममधले दोन ग्रॅम मागे राहिले.

ॲसिडसाठी ताईंनी सांगितलं तशी नीट एजन्सी शोधली. सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज ग्लासचे कॉक, फीड चेक, सगळं गनमेटल काढून ब्लँक प्लेटा मारल्या. लेव्हल दिसायला प्लास्टिकची पारदर्शक नळी. आधी नुसतं पाणी भरून ६० डिग्रीला नेलं, मग आग पूर्ण विझवून राख बाहेर काढून मगच ॲसिड, इन्हिबिटर आधी आणि ॲसिड नंतर, बाहेरच्या टाकीतून पंपाने खालून वर फिरवत. ३००० लिटर, ५ टक्के. दर अर्ध्या तासाला सँपल काढून ताकद मोजत होते. पहिल्या तासात ५ चं ३.६ झालं, व्हेंटमधून नुसता फेस आणि सूं सूं आवाज. नंतर २.७, २.२, १.९, मग १.८, १.८, १.८. तिथे थांबलो. साडेचार तास.

एक गोष्ट सगळ्यांनी करावी असं मला वाटतं. एजन्सीच्या माणसाने लोखंडाची एक पट्टी वजन करून दोरीने टाकीत सोडली होती. शेवटी बाहेर काढून पुसून वजन केलं, फरक जवळपास नाहीच. इन्हिबिटर काम करतोय हे मला कागदावर नाही, हातात दिसलं.

पाण्याची_ताई
५ वरून १.८ म्हणजे ३.२ टक्के खर्च, ३००० लिटरला ९६ किलो ॲसिड, त्यात साधारण १३० किलो क्षार गेला. तुमचे १५० आणि हे १३०, मिळून २८०. आपला सुरुवातीचा अंदाज बरोबर निघाला. शेवटचे तीन आकडे सारखे आले तिथे थांबलात हे फार चांगलं केलंत, खायला क्षार उरला नाही की ॲसिड लोखंडाकडे वळतं. विरघळलेलं लोखंड फेरिक रूपात वाढलं तर इन्हिबिटर असूनही पोलाद खाल्लं जातं, म्हणून लांबवण्यात फायदा नसतो.

न्यूट्रल केलंत ना? आणि वापरलेलं ॲसिड कुठे सोडलं?

टॉवेलवाला_सोलापूर
हो ताई. दोनदा पाण्याने धुतलं, मग १ टक्का सोडा ॲशने गरम करून चार तास फिरवलं, त्यात फॉस्फेट पण. ॲसिड वेगळ्या टाकीत घेऊन कालवलेला चुना घालून पीएच ७ च्या वर आणला आणि ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला) दिलं. मागे ओढ्याला सोडा असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण त्या ओढ्याच्या खाली शेतकऱ्यांच्या विहिरी आहेत, ते मला जमणार नव्हतं.

न्यूट्रल झाल्यावर परत उघडून खाली पडलेल्या २० किलो बारीक खपल्या आणि गाळ काढला. ट्यूबा आता काळ्याभोर दिसतात, शेवटच्या ओळीपर्यंत बॅटरीचा उजेड जातो.

आणि एक वाईट बातमी. हायड्रोला पाणी भरल्यावर मागच्या ट्यूब प्लेटवर चार ट्यूबांच्या तोंडाशी पाणी झिरपलं.

भट्टीकाका
ते ॲसिडने झालं असं वाटून घेऊ नकोस. ती गळती आधीपासून होती, क्षाराने बुजवलेली होती. मागची प्लेट सगळ्यात जास्त तापते, तिथे ट्यूबांच्या मधली फट बुजलेली होती असं तूच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंस. पाणी पोचत नव्हतं, म्हणून ट्यूबचं तोंड ढिलं झालं. जाडी काय आली?

टॉवेलवाला_सोलापूर
बाकी ट्यूबांची जाडी आधी-नंतर सारखीच, फर्नेस पण ठीक. त्या चार मात्र मागच्या टोकाला पातळ. परवानगी घेऊन त्याच चार बदलायला दिल्यात. सगळ्या बदलायच्या आकड्यापुढे हे काहीच नाही.

गेज_ग्लास
प्लेटवर दोन भोकांच्या मधे बारीक भेग आहे का ते रंग मारून बघायला सांगा, डाय पेनिट्रंट. ट्यूब बाहेर काढली की तीच वेळ असते.

पाण्याची_ताई
आता सॉफ्टनरकडे या, कारण खरं काम तिथे आहे. तुमचं पाणी ६२० पीपीएम, म्हणजे एका लिटरमध्ये ६२० मिलिग्रॅम. दिवसाला ८००० लिटर नवं पाणी घेत असाल तर रोज जवळजवळ ५ किलो दगड तुमच्या दारात येतो. सॉफ्टनरमध्ये रेझिन किती?

टॉवेलवाला_सोलापूर
१०० लिटर. पाणी साधारण तेवढंच, आठ हजार.

पाण्याची_ताई
१०० लिटर रेझिन एका धुण्यात पाच-साडेपाच किलो पकडतं. म्हणजे तुमचं रोजचं पाणी आणि त्याची ताकद जेमतेम बरोबरीला आहे. रोज रिजनरेशन (रेझिन मिठाने धुणं), रोज १५ किलो मीठ. आठवड्यातून एकदा केलंत तर सहा दिवस कच्चं पाणीच बॉयलरला जातं. जुनं रेझिन लोखंडाने लाल झालं असेल तर ते बदला. आणि डाइंगच्या कॉइलचं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) परत आणता आलं तर तेवढं नवं पाणी कमी, पण कॉइल फुटली तर रंग बॉयलरमध्ये येतो, म्हणून परतीच्या लाइनवर रोज नजर हवी.

हार्डनेस किट घ्या, थेंबांचं. सँपल लालसर जांभळं होतं, थेंब टाकत गेलं की निळं. सॉफ्टनरच्या पाण्याचा पहिल्याच थेंबाला निळा रंग आला पाहिजे. हे दर शिफ्टला फायरमनने करून वहीत लिहायचं. फीड ५ पीपीएमच्या खाली, बॉयलरमधल्या पाण्याचा टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ३५०० च्या आत, पीएच ११ च्या आसपास. लक्षात घ्या, सॉफ्टनर टीडीएस कमी करत नाही, त्यामुळे ब्लोडाऊन द्यावाच लागतो.

भट्टीकाका
ब्लोडाऊन गरम पाणी वाया जातं म्हणून देत नसतील तुझे लोक. त्यांना ती गोल खपली दाखव. शिफ्टला एकदा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून थोडा वेळच, नुसता चिमटा काढल्यासारखा उघडून ठेवायचा नाही, त्याने गाळ हलत नाही.

टॉवेलवाला_सोलापूर
शेवटचं अपडेट. चार ट्यूबा बदलल्या, प्लेटला भेग नव्हती. हायड्रो इन्स्पेक्टर साहेबांसमोर पास झाली, सर्टिफिकेट मिळालं. काल पहाटे आग दिली, हळूहळू प्रेशर चढवलं, वडील खुर्ची टाकून समोर बसले होते. ७ किलोला चिमणीचं टेंपरेचर २२०. आधी ३०० होतं.

गेज_ग्लास
८० डिग्री उतरलं. दर २२ डिग्रीला साधारण १ टक्का इंधन धरतात, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या वर वाचलं. आता २२० ही तुमची कोरी पाटी समजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याच लोडला २४० दिसायला लागलं तर आधी फायर साइडची काजळी झाडा, तरी उतरलं नाही तर मॅनहोल उघडा.

टॉवेलवाला_सोलापूर
लिहिलं. काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. सोलापूरला आलात तर युनिटवर यायचंच.

लाल_माती
ताई, एक शंका. आमच्याकडे क्षार नाही पण परवा उघडला तर ट्यूबांवर पाण्याच्या लेव्हलच्या आसपास बारीक खड्डे दिसले, डाळीच्या दाण्याएवढे, आत काळी पूड. विहिरीच्या पाण्याचा पीएच ६ आलाय. हे वेगळंच प्रकरण आहे का?

पाण्याची_ताई
हो, वेगळं आणि जास्त तातडीचं. तुमचं पाणी मऊ पण आंबट आहे, त्यात ऑक्सिजन, म्हणून पिटिंग. तुमच्या बॉयलरला ॲसिड अजिबात लावू नका. खड्ड्याची खोली मोजून नवीन धागा काढा, फीड टाकीचं टेंपरेचर किती असतं तेही लिहा.